पोस्टग्रेस एक्स्टेंशनच्या चाचण्या: मांडणीपासून चालवण्यापर्यंत

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस-प्रणालीच्या ९.१ या आवृत्तीत, म्हणजे २०११ साली, 'क्रिएट एक्स्टेंशन' ही आज्ञा आली. तेव्हापासून आपली फंक्शने, डेटाप्रकार आणि ऑपरेटर एकत्र बांधून कोणत्याही डेटाबेसमध्ये एका ओळीत बसवता येतात. एक्स्टेंशन कसे लिहावे याविषयी पुष्कळ वाचायला मिळते. चाचण्यांविषयी मात्र 'मेक इन्स्टॉलचेक' चालवा, एवढे सांगून विषय बहुधा आटोपता घेतला जातो. ही आज्ञा चालवण्यात काही अवघड नाही. तिने 'सर्व ठीक' असा निर्वाळा दिल्यावर त्यावर विसंबता यावे, यासाठी आधी जी मांडणी करावी लागते तिच्यातच खरे काम आहे.

उदाहरणासाठी 'लाखकोटी' नावाचे एक लहान एक्स्टेंशन घेऊ. त्यात दोन फंक्शने आहेत. 'रुपया' हे सी भाषेत लिहिलेले फंक्शन बिगइंट (मोठी पूर्णांक संख्या) प्रकारची संख्या घेऊन आपल्याकडच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकते, म्हणजे १२३४५६७ दिल्यास १२,३४,५६७ असा मजकूर परत देते. 'आर्थिक_वर्ष' हे एसक्यूएलमधले फंक्शन टाइमझोनसह दिलेल्या वेळेवरून १ एप्रिलपासून सुरू होणारे आर्थिक वर्ष सांगते. या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

तयारी

डेबियन किंवा उबुंटूवर सर्व्हरच्या जोडीला 'पोस्टग्रेसक्यूएल-सर्व्हर-डेव्ह-१७' यासारखे, आपल्या आवृत्तीचा आकडा असलेले पॅकेज बसवावे. सी भाषेच्या हेडर फाइली, पीजीएक्सएस ही बांधणीची व्यवस्था आणि चाचण्या चालवणारा 'पीजी_रिग्रेस' हा प्रोग्राम या पॅकेजातून मिळतो. सी कंपायलर आणि मेक हेही यंत्रावर असावे लागतात.

पहिला गोंधळ बहुधा 'पीजी_कॉन्फिग'पाशी, म्हणजे पोस्टग्रेसच्या फाइली कुठे आहेत हे सांगणाऱ्या प्रोग्रामपाशी होतो. एकाच यंत्रावर १५ आणि १७ या दोन्ही आवृत्त्या असतील, तर नुसते 'मेक इन्स्टॉल' म्हटल्यावर फाइली १७च्या फोल्डरात जाऊ शकतात आणि चाचणी मात्र १५च्या सर्व्हरवर चालू होते. मग कंट्रोल फाइल (एक्स्टेंशनची मूळ माहिती देणारी फाइल) सापडत नाही अशी तक्रार येते आणि आपण मेकफाइलमध्ये नसलेली चूक शोधत बसतो. म्हणून बांधणी, स्थापना आणि चाचणी या तिन्ही वेळी मेकला 'पीजी_कॉन्फिग'चा पूर्ण मार्ग द्यावा, आणि सर्व्हर कोणत्या पोर्टवर आहे ते 'पीजीपोर्ट' या पर्यावरण-चलातून ठरवून घ्यावे.

चाचणीसाठी स्वतंत्र क्लस्टर, म्हणजे एका सर्व्हरखालचा डेटाबेसांचा वेगळा संच, उभा करावा. खऱ्या डेटाच्या सर्व्हरवर चाचण्या चालवू नयेत. इन्स्टॉलचेक दर वेळी 'काँट्रिब_रिग्रेशन' या नावाचा डेटाबेस असल्यास पाडतो आणि नव्याने तयार करतो. इतर डेटाबेसांना तो हात लावत नाही हे खरे, पण रोल (डेटाबेसमधली वापरकर्त्यांची खाती) आणि टेबलस्पेस (डेटा ठेवायच्या जागा) साऱ्या क्लस्टरचे मिळून असतात, आणि चाचणीत निर्माण केलेला रोल पुसायचा राहिला तर तो तसाच मागे राहतो. अशा रोलचे नाव 'रिग्रेस_' या उपसर्गाने सुरू करावे हा पोस्टग्रेसच्या स्वतःच्या चाचण्यांमधला संकेत आपणही पाळावा.

मेकफाइल आणि फोल्डर

मेकफाइल दहा-बारा ओळींच्या पुढे जात नाही. 'एक्स्टेंशन' या चलात लाखकोटी हे नाव, 'मॉड्यूल्स'मध्ये सी फाइलीचे नाव, 'डेटा'मध्ये 'लाखकोटी--१.०.एसक्यूएल' ही स्क्रिप्ट (नाव आणि आवृत्ती यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतात, एक नव्हे), 'रिग्रेस'मध्ये चाचण्यांची नावे एका ओळीत, आणि 'रिग्रेस_ऑप्ट्स'मध्ये पीजी_रिग्रेसला द्यायचे पर्याय. शेवटच्या दोन ओळींत पीजी_कॉन्फिगला पीजीएक्सएसचा पत्ता विचारायचा आणि ती फाइल आत घ्यायची. चलांची नावे मोठ्या अक्षरांत असतात.

मेकफाइलशेजारी दोन फोल्डर लागतात. 'एसक्यूएल' या फोल्डरात प्रत्येक चाचणीची आज्ञांची फाइल, आणि 'एक्स्पेक्टेड' या फोल्डरात त्याच नावाची, पण 'आउट' असे शेपूट असलेली अपेक्षित उत्तराची फाइल. चाचणी चालल्यावर 'रिझल्ट्स' हा तिसरा फोल्डर आपोआप तयार होतो. तो गिटच्या दुर्लक्ष-यादीत टाकावा.

'रिग्रेस'मध्ये दिलेल्या चाचण्या त्याच क्रमाने, एकाच डेटाबेसमध्ये, एकामागून एक चालतात, त्यामुळे पहिलीने केलेले टेबल दुसरीला दिसते. पुष्कळ जण पहिल्या चाचणीत एक्स्टेंशन बसवतात आणि बाकीच्या तिच्या जिवावर चालतात. मग एखादी चाचणी एकटी चालवायची वेळ आली की ती फंक्शन सापडत नाही म्हणून पडते. त्याऐवजी 'रिग्रेस_ऑप्ट्स'मध्ये 'लोड-एक्स्टेंशन' हा पर्याय देऊन लाखकोटी आधीच बसवून घ्यावे; मग 'मेक इन्स्टॉलचेक रिग्रेस=रुपया' असे म्हणून एकच चाचणी हवी तितक्या वेळा चालवता येते.

पहिली चाचणी लिहिताना

पीजी_रिग्रेस काय करतो हे नेमके समजून घेतले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. तो आपली एसक्यूएल फाइल पीएसक्यूएल या टर्मिनलवरून आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला देतो, पीएसक्यूएल प्रत्येक आज्ञा आणि तिचे उत्तर छापतो, आणि हा सगळा मजकूर अपेक्षित फाइलीशी डिफ या फरक दाखवणाऱ्या प्रोग्रामने ताडून पाहिला जातो. एवढेच. फंक्शन बरोबर आहे की चूक हे त्याला ठाऊक नसते. दोन मजकूर जुळतात की नाही एवढेच तो सांगतो. टिपणीची ओळसुद्धा छापली जाते, त्यामुळे एसक्यूएल फाइलीतल्या टिपणीत एक शब्द बदलला तरी अपेक्षित फाइलही बदलावी लागते. एरर आली म्हणून पीएसक्यूएल थांबत नाही, आणि हे आपल्या फायद्याचेच आहे: चुकीची आज्ञा मुद्दाम लिहायची आणि तिची एररची ओळ अपेक्षित फाइलीत ठेवायची, झाली एररची चाचणी.

अपेक्षित फाइल मुळात नसेल तर तुलनेच्या वेळी डिफच अडतो, म्हणून सुरुवातीला रिकामी फाइल करून ठेवतात, चाचणी चालवतात, ती पडू देतात आणि 'रिझल्ट्स'मधली फाइल 'एक्स्पेक्टेड'मध्ये उचलून ठेवतात. पीएसक्यूएलच्या स्तंभांची रेघ न् रेघ हाताने लिहिणे कंटाळवाणे असल्यामुळे सगळेच असे करतात, मीही करतो. पण याच पायरीवर एकदा मी चांगलाच फसलो आहे. 'रुपया'च्या पहिल्या रूपात मी संख्येचा आधी मजकूर करून घेत असे आणि उजवीकडून अक्षरे मोजून स्वल्पविराम टाकत असे. उणे चिन्ह हेही एक अक्षर आहे, हे ध्यानात आले नाही. परिणामी उणे १२३ दिल्यावर उत्तर आले '-,१२३', आणि दीडशे ओळींच्या निकालात ती ओळ न पाहताच मी फाइल उचलून ठेवली. त्यानंतर कित्येक दिवस चाचणी न चुकता उत्तीर्ण होत राहिली, कारण चुकीचे उत्तर हेच आता अपेक्षित उत्तर झाले होते.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. आधी कागदावर, किंवा एसक्यूएल फाइलीतच टिपणी म्हणून, प्रत्येक आज्ञेसमोर तिचे उत्तर स्वतः मोजून लिहायचे. मग चाचणी चालवायची. आणि निकालाची फाइल उचलण्यापूर्वी ती त्या टिपण्यांशी ओळीओळीने ताडायची. कोणती मूल्ये घ्यावीत हेही याच वेळी सुचते. रुपयासाठी ०, ९९९, १०००, ९९९९९, १००००० आणि १००००००० ही जिथे स्वल्पविराम वाढतो त्या काठावरची मूल्ये, त्यांचीच उणे रूपे, नल (म्हणजे मूल्यच नसणे), आणि बिगइंटची दोन्ही टोके.

शेवटच्या टोकाची गंमत सविस्तर सांगण्यासारखी आहे. उणे चिन्हाची चूक सुधारताना मी संख्या ऋण असल्यास तिचे चिन्ह उलटवून धन करून घेतली, अंक मांडले आणि शेवटी उणे चिन्ह पुढे लावले. बिगइंटची सर्वांत लहान संख्या -९२२३३७२०३६८५४७७५८०८ आहे आणि सर्वांत मोठी ९२२३३७२०३६८५४७७५८०७. म्हणजे पहिलीचे चिन्ह उलटवले तर उत्तर बिगइंटमध्ये मावतच नाही, आणि सी भाषेत अशा वेळी काय होईल याची कसलीही हमी नाही. चाचणीत ही संख्या घालायला जावे तर आणखी एक खाचखळगा आहे. उणे चिन्ह, संख्या, दोन अपूर्णविराम आणि बिगइंट असे उघडे लिहिले, तर पोस्टग्रेस आधी चिन्हाविना संख्येचे बिगइंट करू पाहतो आणि 'बिगइंट आउट ऑफ रेंज' ही एरर देतो. आपले फंक्शन चालतच नाही. ती एरर अपेक्षित फाइलीत निमूट जाऊन बसली तर टोकाची चाचणी केल्याचे समाधान मिळते, पण चाचणी झालेली नसते. संख्या चिन्हासकट अवतरणचिन्हांत घालून मग बिगइंट करावी. बरोबर उत्तर -९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ असे यायला हवे.

नलचेही असेच. फंक्शन 'स्ट्रिक्ट' (नल आल्यास न चालता नलच परत देणारे) म्हणून जाहीर करायचे राहिले, तर नल दिल्यावर सीमधल्या कोडला शून्य मिळून उत्तरही '०' येऊ शकते. पीएसक्यूएल नल छापताना रिकामी जागा ठेवतो आणि रिकामा मजकूरही तसाच दिसतो, म्हणून फाइलीच्या आरंभी 'पीसेट नल' वापरून नलसाठी एखादे ठळक चिन्ह ठरवून घ्यावे.

चालवणे आणि निकाल वाचणे

क्रम असा: 'मेक', मग 'सुडो मेक इन्स्टॉल', मग 'मेक इन्स्टॉलचेक'. पीजीएक्सएसने बांधलेल्या एक्स्टेंशनसाठी 'मेक चेक' चालत नाही. तो तसे सांगून याच क्रमाकडे बोट दाखवतो. तिसरी आज्ञा सुडोने चालवू नये. तशी चालवली तर पीएसक्यूएल 'रूट' या नावाने सर्व्हरशी जोडून घेऊ पाहतो, तो रोल बहुधा नसतो, आणि 'रिझल्ट्स' फोल्डर रूटच्या मालकीचा झाल्याने पुढच्या वेळी साधी चाचणीही त्यात लिहू शकत नाही. आपल्या लिनक्स खात्याच्या नावाचा सुपरयूजर रोल चाचणीच्या क्लस्टरमध्ये करून ठेवणे सर्वांत सुटसुटीत पडते.

सी कोड बदलल्यावर पुन्हा स्थापना करायला विसरणे ही नेहमीची चूक आहे. चाचणी जुन्याच लायब्ररीवर चालते आणि बदलाचा काहीच परिणाम दिसत नाही. एक्स्टेंशन 'शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज'मधून, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच, चढत असेल, तर स्थापनेनंतर सर्व्हरही पुन्हा सुरू करावा लागतो.

चाचणी पडली की 'रिग्रेशन.डिफ्स' ही फाइल उघडावी. उणे चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी अपेक्षित फाइलीतल्या आणि अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या प्रत्यक्ष आलेल्या. फाइल लांबलचक असेल तर पहिल्या फरकापासूनच वाचावे, कारण सुरुवातीला एखादे टेबल तयार झाले नाही तर पुढच्या पन्नास एरर त्याच्याच असतात. १६व्या आवृत्तीपासून पीजी_रिग्रेसचा पडद्यावरचा निकाल टॅप या, चाचण्यांच्या निकालासाठी ठरलेल्या स्वरूपात येतो. पूर्वी जिथे 'फेल्ड' असे दिसे तिथे आता 'नॉट ओके' दिसते. जुना शब्द शोधणाऱ्या स्क्रिप्ट त्यामुळे गप्प बसतात. निकाल शब्दावरून ठरवू नये, मेकच्या एक्झिट कोडवरून ठरवावा.

उत्तर दर वेळी तेच यावे म्हणून

'आर्थिक_वर्ष'ची चाचणी मी आधी हातानेच पीएसक्यूएलमध्ये करून पाहिली होती. १ एप्रिल २०२४, पहाटेचे दोन, भारतीय वेळ. उत्तर २०२४-२५, बरोबर. तीच ओळ पीजी_रिग्रेसखाली २०२३-२४ सांगू लागली. कारण असे की पीजी_रिग्रेस चाचणीपुरता टाइमझोन स्वतः ठरवतो आणि तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असतो. आपल्याकडे १ एप्रिलची पहाट असते तेव्हा तिथे ३१ मार्चची दुपार, दीड वाजलेला असतो. तारखेची मांडणीही तो अमेरिकी क्रमाने, महिना आधी अशी लावतो.

फाइलीच्या आरंभी टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा लावला की चाचणी उत्तीर्ण होते, पण तेवढ्यावर थांबणे बरे नव्हे. एकाच वेळेला दोन सेशनमध्ये दोन उत्तरे येतात, याचा अर्थ हे फंक्शन सेशनच्या टाइमझोनवर अवलंबून आहे आणि ते 'इम्यूटेबल' (त्याच मूल्यांना नेहमी तेच उत्तर देणारे) म्हणून जाहीर करणे चूक आहे. तसे जाहीर केले असते तर त्यावर इंडेक्सही बांधता आला असता, आणि तो इंडेक्स कोणत्या टाइमझोनमध्ये बांधला यावर क्वेरीचे उत्तर अवलंबून राहिले असते. इथे दोन मार्ग आहेत: फंक्शन 'स्टेबल' (एका क्वेरीपुरतेच उत्तर न बदलणारे) करावे, किंवा भारतीय वेळ फंक्शनच्या आतच पक्की करावी. मी दुसरा मार्ग घेतला आणि चाचणीत दोन वेगवेगळे टाइमझोन लावून तीच ओळ दोनदा ठेवली.

इतर अस्थिर गोष्टींचे उपाय ठरलेले आहेत. एकाहून अधिक ओळी देणाऱ्या प्रत्येक क्वेरीला 'ऑर्डर बाय' असावे, आणि क्रम मजकुराचा असेल तर त्याला 'सी' हे कोलेशनही (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) द्यावे. 'एक्स्प्लेन' वापरायचे तर 'कॉस्ट्स ऑफ' म्हणून. ओआयडी (डेटाबेसमधल्या वस्तूंचे अंतर्गत क्रमांक), प्रक्रियेचे क्रमांक आणि चालू वेळ निकालात छापू नयेत. एररचा तपशील आवृत्तीगणिक बदलत असेल तर पीएसक्यूएलमध्ये 'व्हर्बोसिटी' 'टर्स' करावी. एवढे करूनही दोन आवृत्त्यांत खरोखरच वेगळे उत्तर येत असेल, तर 'रुपया_१.आउट' अशी पर्यायी अपेक्षित फाइल ठेवता येते आणि दोहोंपैकी कोणतीही जुळली तरी चाचणी उत्तीर्ण होते. ही सोय मी शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो, कारण कोणत्या आवृत्तीला कोणते उत्तर योग्य हे पीजी_रिग्रेस पाहत नाही.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी एन्कोडिंगकडे वेगळे लक्ष द्यावे. 'रुपया'चे उत्तर देवनागरी अंकांत देण्याची सोय केली, तर यूटीएफ-८मध्ये प्रत्येक अंक ३ बाइटांचा होतो. '१२,३४,५६७' हा ९ अक्षरांचा मजकूर २३ बाइट घेतो, आणि टोकाच्या ऋण संख्येला ६६ बाइट लागतात. इंग्रजी अंकांच्या हिशेबाने ३२ बाइटांचा बफर घेतलेला असेल तर तो इथे ओसंडतो. चाचणीचा सर्व्हर 'सी' लोकेलमध्ये उभा केलेला असेल तर डेटाबेसचे एन्कोडिंग एसक्यूएल-ॲस्की ठरू शकते, आणि मग 'लेंथ' हे फंक्शन ९ ऐवजी २३ सांगते. 'रिग्रेस_ऑप्ट्स'मध्ये 'एन्कोडिंग=यूटीएफ८' आणि 'नो-लोकेल' हे दोन्ही पर्याय दिले की चाचणीचा डेटाबेस सर्व यंत्रांवर सारखाच तयार होतो.

आवृत्ती बदलताना

१.१ आवृत्ती काढताना 'लाखकोटी--१.०--१.१.एसक्यूएल' ही बदलाची स्क्रिप्ट लिहावी लागते आणि तिची चाचणी बहुतेक एक्स्टेंशनांत नसते. ती अशी करावी: आधी बसवलेले एक्स्टेंशन काढून टाकावे, 'व्हर्जन १.०' सांगून पुन्हा बसवावे, 'ऑल्टर एक्स्टेंशन अपडेट'ने १.१वर न्यावे आणि 'डीएक्स प्लस' या पीएसक्यूएलच्या आज्ञेने आतल्या वस्तूंची यादी छापावी. मग थेट १.१ बसवून तीच यादी पुन्हा छापावी. दोन्ही याद्या सारख्याच हव्यात. यासाठी १.०ची मूळ स्क्रिप्ट 'डेटा'मध्ये टिकवून ठेवावी लागते, आणि १.०मधले एखादे सी फंक्शन नव्या लायब्ररीतून काढून टाकले असेल तर ते सापडत नाही म्हणून जुनी आवृत्ती बसतच नाही, हेही याच चाचणीत कळते.

दोन सेशन एकमेकांत गुंतवून पाहायची असतील तर 'स्पेक्स' फोल्डर आणि मेकफाइलमधले 'आयसोलेशन' हे चल आहे. सर्व्हर मध्येच बंद करून पाहायचा किंवा रेप्लिकाही उभा करायचा असेल तर पर्लमध्ये लिहिलेल्या टॅप चाचण्या. या दोन्हींचा आधार पीजीएक्सएसमध्ये १२व्या आवृत्तीपासून आहे. लाखकोटीला दोन्हींची गरज नाही. बहुतांश कोड एसक्यूएल किंवा पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये असेल, तर पीजीटॅप हे एक्स्टेंशन अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात 'इज' किंवा 'थ्रोज_ओके' यांसारख्या फंक्शनांत अपेक्षित उत्तर प्रश्नाशेजारीच लिहावे लागते आणि आंधळेपणाने फाइल उचलण्याचा मोह उरत नाही.

पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, म्हणून त्या सर्व आवृत्त्यांवर चाचण्या चालायला हव्यात. १५व्या आवृत्तीत 'पब्लिक' स्कीमामध्ये कोणालाही टेबल करू देण्याची मोकळीक काढून घेतली गेली; साध्या रोलने तिथे टेबल करणारी चाचणी १४वर उत्तीर्ण होते आणि १५वर पडते. गिटहब ॲक्शन्समध्ये 'पीजीएक्सएन-टूल्स' ही डॉकर प्रतिमा वापरली तर 'पीजी-स्टार्ट'ने हवी ती आवृत्ती सुरू होते आणि 'पीजी-बिल्ड-टेस्ट'ने बांधणी, स्थापना आणि इन्स्टॉलचेक ओळीने होतात. आवृत्त्यांची यादी मॅट्रिक्समध्ये द्यायची. काम फसल्यास 'रिग्रेशन.डिफ्स' छापणारी एक पायरी शेवटी जरूर ठेवावी, नाहीतर तीनपैकी एक चाचणी पडली एवढेच कळते आणि ती पाहायची फाइल कंटेनरबरोबर नाहीशी झालेली असते.